शेपटी पिवळी झाली नाही

मासा टाकीत सोडला आणि दहा मिनिटांत नाहीसा झाला.

बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात माझ्या बहिणीचं घर आहे. तिथल्या बाहेरच्या खोलीत भाच्याने चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आहे. मुंबईच्या एका दुकानातून रात्रीच्या गाडीने थर्माकोलचं खोकं आलं. त्यात हवा भरून फुगवलेली प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत करंगळीएवढा मासा. अंग केशरी-लाल, डोक्यावर दोन छोटे आणि पाठीवर तीन मोठे पांढरे डाग, प्रत्येक डागाला काळी किनार. पिशवीवर मार्करने लिहिलेलं, ‘रेड कोरिस’. भाच्याने तासभर थेंब थेंब करत पिशवीतलं पाणी टाकीच्या पाण्याशी जुळवून घेतलं आणि मासा सोडला. त्याने कसाबसा एक फेरा मारला, तोंड खाली केलं आणि सरळ वाळूत घुसला.

तीन दिवस त्याचा पत्ता नाही. ताई म्हणाली, “मेला असेल रे तो. काढून टाक, पाणी नासेल.” भाचा वाळू उकरायला निघालाच होता, पण मी त्याला थांबवलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना रॅस माशांच्या कुळाबद्दल जे वाचलं होतं, ते आठवत होतं. चौथ्या दिवशी सकाळी टाकीचा दिवा लागला आणि पाऊण तासाने वाळूतून आधी दोन डोळे वर आले, मग अख्खा मासा. भाचा ओरडलाच, “मामा, जिवंत आहे!”

तो जिवंत होता, पण तो होता कोण? पिशवीवरचं नाव हे दुकानाचं नाव. त्या एका नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या जातींची पिल्लं विकली जातात. त्यांतली एक वाढून चाळीस सेंटिमीटरच्या आसपास थांबते, तर एक साठ सेंटिमीटरपर्यंत जाते. घरात मासा आणला तर त्याचं खरं नाव शोधणं हे आपलं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला काय खाऊ घालायचं, वाळू किती खोल ठेवायची, शेजारी कोण चालेल, टाकी किती मोठी लागेल, हे सगळं त्या नावावरून ठरतं.

समुद्रापासून इतक्या दूर ही टाकी चालते कशी, हेही सांगायला हवं. रेल्वेने मुंबई इथून सुमारे पाचशे किलोमीटर. तापी शहराला लागून वाहते आणि पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. मोगल काळात बुऱ्हाणपूर ते सुरत हा मोठा व्यापारी रस्ता होता, पण त्या रस्त्याने जिवंत समुद्री मासा कधी या गावात आला नसेल. आज तो येतो तो प्लास्टिकच्या पिशवीतून. त्याच्यासाठी समुद्र मात्र घरीच बनवावा लागतो. इथलं पाणी क्षारांचं. कुंडी भंडारा या इथल्या जुन्या भुयारी पाणीयोजनेत उतरून पाहिलंत तर १६१५ च्या सुमारास खोदलेल्या त्या भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात. सातपुड्याच्या पोटातून झिरपत येताना पाणी ते सोबत आणतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी तसंच वापरलं तर कोणते क्षार किती, हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून भाचा आरओचं पाणी घेतो आणि त्यात समुद्री मिठाची तयार पूड विरघळवतो, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार होईल इतकी. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं, त्यामुळे पातळी भरायची ती गोड्या पाण्यानेच. ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना टाकी २६-२७ अंशांवर ठेवायला चिलर लागतो, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर.

टाकीत दगड आहेत ते कारखान्यात बनवलेले. बाजारात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जे दिलं जातं ते पुष्कळदा प्रवाळाचे तुकडे असतात. खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. भाच्याने ते घेतले नाहीत, याचा मला आनंद आहे.

आता माशाकडे वळतो. आमचा मासा रॅस, आणि रॅस म्हणजे लॅब्रिडी कुळातले मासे. लॅटिनमध्ये लॅब्रम म्हणजे ओठ, आणि जर्मन भाषेत तर या माशांना सरळ ‘ओठमासा’ म्हणतात. जाडसर, पुढे निघणारे ओठ आणि त्यातून डोकावणारे सुळ्यांसारखे दात ही पहिली ओळख. दुसरी ओळख पोहण्यात. बहुतेक मासे शेपूट मारत पुढे जातात. रॅस छातीजवळचे दोन पर वरखाली हलवत पोहतो, पक्षी पंख मारतो तसा. शेपूट तो पळ काढण्यापुरती राखून ठेवतो. पाठीवरचा पर एकच, डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग. या कुळात पाचशेहून जास्त जाती आहेत. बोटभर लांबीचे आहेत, तसाच दोन मीटरपर्यंत वाढणारा नेपोलियन रॅसही आहे. त्याची इतकी शिकार झाली की २००४ साली त्याचं नाव वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावं लागलं.

या कुळात रंगावर विसंबणारा हमखास फसतो. पिल्लाचा रंग वेगळा, मादीचा वेगळा, मोठ्या नराचा आणखी वेगळा. शिवाय बहुतेक रॅस मादी म्हणून वाढतात आणि पुढे त्यांतल्या काही नर होतात. डी. आर. रॉबर्टसन या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकांवरच्या क्लीनर रॅसवर हे दाखवून दिलं. एक नर, त्याच्या ताब्यात चार-सहा माद्या. नर मेला की सगळ्यांत मोठी मादी दोनेक तासांतच नरासारखी वागू लागते, बाकीच्यांवर धावून जाते, हद्द राखते. दोन-अडीच आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्रपेशीही तयार होतात. काही जातींत या बदलासोबत रंगही आरपार पालटतो. युरोपच्या किनाऱ्यावरचा कुकू रॅस घ्या: मादी गुलाबी-नारिंगी, नर निळ्या पट्ट्यांचा. लिनियससारख्या मोठ्या वर्गीकरणतज्ज्ञाने १७५८ च्या ग्रंथात या एकाच माशाला वेगवेगळी नावं दिली. तेव्हा दुकानदार चुकला तर त्याच्यावर फार रागावण्यात अर्थ नाही.

म्हणून आम्ही रंग बाजूला ठेवला आणि मोजायला बसलो.

आधी फोटो. टाकीवरचे निळे एलईडी बंद केले, कारण निळ्या उजेडात लाल रंग काळपट दिसतो आणि हिरवा भलताच चमकतो. साधा पांढरा दिवा, काचेला समांतर धरलेला मोबाइल, आणि मासा बाजूने पूर्ण दिसेपर्यंत थांबायची तयारी. पाठीवरचा पर तो बहुतेक वेळ मिटूनच ठेवतो. दुसरा मासा जवळ आला की उभारतो, तेवढ्यात बटण दाबायचं. भाच्याने एका दुपारी शंभरएक फोटो काढले, त्यांतले कामाचे निघाले दोन.

ते मोठे करून आम्ही परातले काटे मोजले. परात पुढे टणक काटे असतात आणि मागे लवचीक, फांद्या फुटलेले किरण. काटे भरले ९. म्हणजे थॅलॅसोमा ही प्रजाती बाद, कारण तिला ८ काटे. बाजारात सर्रास मिळणारा चंद्रकोरी शेपटीचा मून रॅस त्याच प्रजातीतला. पण ९ काटे हॅलिकोरिसलाही असतात आणि कोरिसलाही. तिथे खवले कामी आले. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली हालचाल मासा तिच्याद्वारे टिपतो. हॅलिकोरिसमध्ये या रेषेवर मोजून सत्तावीस-अठ्ठावीस खवले, मोठे, ठसठशीत. कोरिसमध्ये पन्नासच्या वर, इतके बारीक की अंग गुळगुळीत वाटतं. आमच्या फोटोत खवले मोजता आलेच नाहीत, आणि तेच उत्तर होतं. भाच्याच्या टाकीत आधीपासून एक पिवळा हॅलिकोरिस आहे. त्याचे खवले त्याच फोटोत, त्याच उजेडात एक-एक वेगळे दिसत होते.

तीन दिवस वाळूत राहणं हाही पुरावाच होता. काही रॅस रात्री दगडांच्या सापटीत शिरून तोंडातून चिकट द्रव सोडतात आणि त्याच्या पारदर्शक पिशवीत झोपतात. सिक्सलाइन रॅस त्यांतला. काही वाळूत शिरतात: कोरिस, हॅलिकोरिस, ॲनॅम्प्सेस. घाबरले तरी वाळू, थकले तरी वाळू. अशा माशाला काचेच्या उघड्या तळावर ठेवणं म्हणजे माणसाला अंथरूण-पांघरूण न देता उजेडात बसवून ठेवणं. तो तळावर तोंड आपटत राहतो आणि जखमी होतो. बारीक वाळूचा सात-आठ सेंटिमीटरचा थर हवाच.

कोरिस ठरला. आता जात कोणती? लाल अंगावर काळ्या किनारीचे पांढरे डाग असणारी पिल्लं तीन जातींची. कोरिस फोर्मोसा, हा श्रीलंकेच्या आणि आपल्या समुद्रातला, साठ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. कोरिस गेमार्ड, पॅसिफिक महासागरातला. आणि कोरिस क्युविएरी, हिंद महासागरातला, लाल समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून इंडोनेशियाच्या पश्चिम भागापर्यंत. फोर्मोसा आधी गळाला. त्याच्या पिल्लाच्या पाठीवरच्या परात एक मोठा काळा डोळा असतो आणि मधला पांढरा पट्टा पाठीपासून पोटापर्यंत आरपार जातो. आमच्या माशाचे डाग पाठीवरच थांबत होते, खोगिरासारखे, आणि परात डोळा नव्हता.

उरले दोन, आणि इथे आमची गाडी अडली. गेमार्ड आणि क्युविएरी यांची पिल्लं शेजारी ठेवली तरी डोळ्यांना सांगता येत नाही. शास्त्रज्ञांनाही हे सहज सुटलं नव्हतं. हिंद महासागरातल्या माशाला कित्येक वर्षं गेमार्डचाच आफ्रिकी प्रकार मानत होते. जॉन रँडल यांनी १९९९ मध्ये या प्रजातीच्या हिंद आणि पॅसिफिक महासागरांतल्या सगळ्या जातींची नव्याने छाननी केली, त्यात क्युविएरी हे एकोणिसाव्या शतकातलं नाव स्वतंत्र जात म्हणून पुन्हा उभं राहिलं. रँडल २०२० मध्ये शहाण्णवाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर गेले. आयुष्यात त्यांनी आठशेहून जास्त माशांना नावं दिली. घरच्या टाकीतला रॅस ओळखू पाहणारा कुणीही, त्याला ठाऊक असो वा नसो, रँडल यांच्याच पुण्याईवर काम करत असतो.

फरक दिसतो तो वाढत्या वयात. गेमार्डची शेपटी झगझगीत पिवळी होते, अंग मागून गडद होत जातं आणि त्यावर निळे ठिपके उमटतात. क्युविएरीच्या अंगावरही ठिपके येतात, पण शेपटी पिवळी होत नाही. तेव्हा थांबायचं. भाचा दर रविवारी त्याच कोनातून एक फोटो काढू लागला.

पिल्लू आणि मोठा मासा यांच्यातला हा गोंधळ फक्त घरच्या टाकीतला नाही. मालदीव आपल्या लक्षद्वीपच्या खाली, शेजारीच. तिथल्या खोल खडकांवर, चाळीस ते सत्तर मीटरांवर, गुलाबी-जांभळा एक देखणा फेअरी रॅस राहतो. मत्स्यालयांच्या बाजारात तो विकला जात होता, लोक पैसे मोजून घेत होते, आणि सगळे समजत होते की हा सिर्‍हिलाब्रस रुब्रिस्क्वामिस. पण ते नाव दिलं गेलं होतं ते मालदीवच्या दक्षिणेला सुमारे हजार किलोमीटरवर असलेल्या छागोस बेटांजवळच्या एकाच पिल्लावरून. मोठा मासा कसा दिसतो हे कुणी ताडून पाहिलंच नव्हतं. पुढे पराच्या काट्यांची उंची, खवल्यांची संख्या, मोठ्या नराचे रंग आणि जनुकं तपासली तेव्हा कळलं की मालदीवचा मासा वेगळाच आहे. २०२२ मध्ये त्याला सिर्‍हिलाब्रस फिनिफेन्मा हे नाव मिळालं. धिवेही भाषेत फिनिफेन्मा म्हणजे गुलाब, मालदीवचं राष्ट्रीय फूल. नाव देणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचेच संशोधक होते. मालदीवच्या संशोधकाने वर्णन केलेला हा मालदीवचा पहिला मासा. जो मासा आधीच जाळ्यात अडकून देशोदेशी जात होता त्याला नावच नव्हतं, आणि नाव नाही तर त्याची मोजदाद नाही, मोजदाद नाही तर संरक्षण नाही. म्हणून ओळख पटवण्याला मी इतकं महत्त्व देतो.

मासा कुठल्या समुद्रातला, हे दुकानात विचारलं तर बऱ्याचदा ‘इम्पोर्टेड’ एवढंच उत्तर मिळतं. ते पुरेसं नाही. आमच्या बाबतीत अर्धं कोडं त्या एका उत्तराने सुटलं असतं. भाच्याने तीनदा विचारलं तेव्हा कुठे कळलं की ती पेटी श्रीलंकेहून आली होती. म्हणजे पारडं क्युविएरीकडे झुकलं, तरी खात्री नाही, कारण पेट्यांमध्ये मासे मिसळतात. भाच्याने स्वतःहून एक गोष्ट टिपून ठेवली होती, ती मला फार आवडली. पहिल्या आठवड्यात मासा झोपायला कधी जातो याची वेळ तो लिहीत होता. बालीच्या आसपासच्या समुद्रात सूर्य आपल्यापेक्षा अडीच तास आधी मावळतो, श्रीलंका आणि बुऱ्हाणपूर यांच्यात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा फरक. पूर्वेकडून नुकताच आलेला वाळूत झोपणारा रॅस आपल्याकडे दुपारी चारलाच गडप होऊ शकतो. हा मासा साडेसहाच्या सुमारास जात होता. याला पुरावा म्हणता येणार नाही, दुकानाच्या टाकीत काही दिवस काढले की घड्याळ बदलतं. पण बघण्याची ही सवय लाखमोलाची आहे.

त्याच दुकानाच्या फोटोंत आम्हाला आणखी एक गंमत दिसली. निळ्या-काळ्या पट्ट्याचा क्लीनर रॅस म्हणून ठेवलेल्या माशांत एकाचं तोंड टोकाला नव्हतं, नाकाखाली दडलेलं होतं. तो रॅसच नव्हे, त्याचं सोंग घेतलेला ब्लेनी नावाचा दुसराच मासा. खरा क्लीनर रॅस दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, म्हणून मोठे मासे त्याला जवळ येऊ देतात. हा सोंगाड्या त्याच रंगात जवळ जातो आणि पराचा लचका तोडतो. दोन्ही घरी आणू नयेत. ब्लेनी बाकीच्यांना ओरबाडतो, आणि क्लीनर रॅस चार माशांच्या टाकीत हळूहळू उपाशी मरतो. आरशातलं प्रतिबिंब आपलंच आहे हे ओळखण्याची कसोटी पार करणारा मासा म्हणून २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी ज्याचं नाव पुढे आणलं, तो हाच क्लीनर रॅस. त्याला भुकेने मरू देणं मला तरी पटत नाही.

चौदा महिने झाले. करंगळीएवढा मासा आता वीतभर आहे. पांढरे डाग पुसले गेले, मागचं अंग गर्द तपकिरी झालं, त्यावर निळसर-हिरवे ठिपके आले. शेपटी पिवळी झाली नाही. टाकीतल्या सगळ्या गोगलगाई मात्र संपल्या. त्याच्या घशात दुसरा जबडा असतो, त्याने तो शंख कडकन फोडतो. रात्री टाकीजवळ बसलं तर वाळूवर पसरलेले शंखांचे तुकडे दिसतात. छोटे दगड तो तोंडाने उलटे करतो आणि खाली काय आहे ते बघतो. ताईला आता त्याचा फार लळा लागला आहे. ती त्याला हाक मारते तेव्हा तो काचेजवळ येतो. अर्थात तिच्या हातात कोलंबीचा तुकडा असतो.

कोरिस क्युविएरी, म्हणजे ३८ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा मासा. चार फुटांची टाकी त्याला पुरणार नाही. हे आम्हाला तो पिशवीत असतानाच कळायला हवं होतं. भाच्याने आठ फुटांच्या टाकीसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. वेळेत जमलं नाही तर मोठी टाकी असलेल्या माणसाकडे तो द्यायचा, असं ठरलं आहे. पाण्यात सोडून देणं हा मार्ग नव्हे. तापीत तो लवकरच मरेल, आणि परका मासा चुकीच्या समुद्रात पडला तर काय होतं ते अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर दिसतं. आपल्याकडचा लायनफिश तिथे १९८५ च्या सुमारास फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा दिसला, मत्स्यालयांतून सुटलेला असावा असं मानतात. आज तो कॅरिबियनभर पसरला आहे आणि तिथले लहान मासे फस्त करतो आहे.

तुम्ही खाऱ्या पाण्याची टाकी ठेवत असाल आणि एखाद्या करंगळीएवढ्या रंगीत रॅसवर जीव जडला, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: हा कुठल्या समुद्रातून आला, आणि पूर्ण वाढला की किती लांब होतो. उत्तर मिळालं नाही तर पाठीवरचा पर उभा असलेला एक फोटो काढा, घरी येऊन काटे मोजा, आणि तोवर मासा दुकानातच राहू द्या.